विनीतच्या आईचं हॉटेल

आकांक्षाने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा दौलत परबांनी आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "पोराच्या घरचे करतात काय?"

"विनीतचे बाबा नाहीत. आईचं हॉटेल आहे, भोईवाड्यात," ती म्हणाली. त्यांचं नाव-पत्ता मोबाईलवर पाठवला आणि वर म्हणाली, "तुम्ही एकदा बघूनच या. शनिवारी दुपारी जा."

हॉटेल म्हटल्यावर परबांच्या मनात आलं ते राइस प्लेटवालं, गल्ल्यामागे गणपतीची तसबीर असलेलं हॉटेल. शनिवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, वाटेत पाव किलो पेढे घेतले आणि लालबागहून चालतच निघाले.

पत्त्यावर रस्त्याला लागून एक जुनी इमारत होती. वरचा मजला लोखंडी टेकूंवर उभा. खाली दारात मळका हिरवा पडदा आणि पडद्याच्या वर उन्हाने विटलेला बोर्ड. 'सागरदीप' एवढं कसंबसं वाचता येत होतं. त्याखालचे दोन शब्द मात्र नव्याने रंगवलेले होते: परमिट रूम.

शेजारी पानाची टपरी होती. परब तिथं गेले. "राधाबाई तांडेलांचं हॉटेल कुठं हो?"

पानवाल्याने मानेनेच पडदा दाखवला.

"ते नाही. जेवणाचं."

"जेवण पण मिळतं ना. बोंबील एक नंबर. जावा बिनधास्त."

परब फुटपाथवर तसेच उभे राहिले. चौसष्ट वर्षं लालबाग-परळमध्ये काढली, पण अशा पडद्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. पडद्यापर्यंत मात्र कितीतरी वेळा आले होते. गिरणी गेल्यावर थोरला भाऊ भिवा असाच कुठल्यातरी दारात पडलेला असायचा आणि परब त्याला उचलून घरी न्यायचे. शेवटच्या खेपेला उचलला तेव्हा त्याचं अंग गार होतं.

परत जावं असं फार वाटलं. पण पोरीच्या जन्माचा प्रश्न होता. त्यांनी पडदा सारला.

आत ट्यूबलाइट लुकलुकत होती. दारूचा, ओल्या फडक्याचा आणि तळलेल्या मासळीचा मिळून एक वास नाकात घुसला. भिंतीचं प्लास्टर पोपडे धरून लोंबत होतं. सहा-सात माणसं आपापल्या ग्लासाकडे बघत बसली होती. गल्ल्यावर चष्मा लावलेली, पन्नाशी उलटलेली एक बाई.

"बसा पंख्याखाली," ती म्हणाली. "क्वार्टर देऊ की नाइन्टी?"

"मी... आकांक्षाचा बाप."

बाई ताडकन उभी राहिली. ती काही बोलणार तेवढ्यात आतल्या दारातून हातात तळलेल्या बोंबलांची बशी घेऊन खुद्द आकांक्षा बाहेर आली.

परबांच्या हातातले पेढे खाली पडले.

"ए राणी, इकडे आण ती," कोपऱ्यातला एकजण बरळला.

"राणी कोणाला बोलतोस रे?" आकांक्षा गरकन वळली. "ऊठ. आज तुझं बस झालं. ऊठ म्हटलं ना!"

आणि तो दांडगा माणूस मुकाट्याने उठून गेला. चाळीत नळावर कोणी मध्ये घुसलं तरी गप्प राहणारी ही पोरगी! परबांना वाटलं, हिला आपण ओळखतच नाही.

"तू इथं?" ते कसेबसे म्हणाले.

"मीच पत्ता दिला ना, बाबा. म्हणूनच आज थांबले."

"हॉटेल म्हणालीस."

"बार म्हटलं असतं तर आला असतात?"

राधाबाई गल्ल्यामागून बाहेर आल्या. "बसा ना, परब. चहा मागवते. आमचे मिस्टर गेले तेव्हा विनीत तिसरीत होता. हे चालत होतं, तेच चालवलं. मला दुसरं काही येत नव्हतं."

परब बसले नाहीत. "माझा भाऊ ह्याच्यात गेला," ते म्हणाले. आवाज त्यांच्या नकळत चढला. "अशाच दारात मेला तो. तुम्ही ह्यांना रोज ओतून देता. झोप लागते तुम्हाला?"

"बाबा!"

"थांब गं. विचारू दे त्यांना." राधाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "लागते. पहिली दोन-तीन वर्षं नव्हती लागत. मग लागायला लागली. खोटं कशाला सांगू?"

राधाबाई रडतील, नाहीतर भांडतील, असं परबांना वाटलं होतं. ते जवळच्या खुर्चीत बसले. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी एका दमात संपवला आणि कोणाचाही निरोप न घेता बाहेर पडले.

आकांक्षा मागोमाग आली. दोघं लालबागच्या दिशेने चालू लागले.

"लग्नानंतर पण तू तिथं जाणार?" परबांनी विचारलं.

"शनिवारी जाईन. विनीतच्या आईंचे गुडघे दुखतात." मग ती थांबली. "तुम्ही नको म्हणालात तर मी थांबेन, बाबा. वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा. पण विनीतला सोडणार नाही."

घरी रखमा वाटच बघत होती. नवरा दारात दिसताच तिने गॅस बारीक केला आणि मालवणीत विचारलं, "हॉटेल कसा आसा?"

"हॉटेल नाय गे ता. दारूचो बार आसा."

रखमाने आधी त्यांच्याकडे, मग आकांक्षाकडे बघितलं. आकांक्षाने मान खाली घातली नाही. रखमा पाटावर बसली. भिवाभावोजींचे उलटीने भरलेले कपडे तिनेच धुतले होते. मग ती म्हणाली, "आणि पोरगो? पोरगो कसो आसा?"

परबांनी आठवून बघितलं. पाण्याचा ग्लास धरलेला हात आठवला. बहुतेक तोच विनीत. चेहरा काही डोळ्यांसमोर येईना.

"तेका मी बघूकच नाय," ते म्हणाले.

"मगे उद्या परत जावा."

"परत? थंय?"

"मी पण येतंय," रखमा म्हणाली आणि भात बघायला उठली.