खालच्या हाताची खूण

हवालदारांनी डावा हात वर केला. तळवा पुढे, बोटं ताठ, कोपर सरळ. थांब! या एका खुणेवर पस्तीस वर्षं ट्रक थांबले, बसगाड्या थांबल्या, एकदा तर एक उधळलेला बैलही थांबला होता. आणि रस्त्यापलीकडे उभा असलेला भेसळ, ज्याला ही खूण त्यांनी स्वतः घोटून घोटून शिकवली होती, तो शेपूट हलवत सरळ रस्त्यात उतरला.

दुधाच्या टेम्पोनं करकचून ब्रेक मारला.

"अहो आजोबा, कुत्रं सांभाळता येत नाही तर पाळता कशाला?" टेम्पोवाला खिडकीतून ओरडला.

भेसळला त्याचं काय! तो येऊन हवालदारांच्या पायाशी बसला आणि बिस्किटासाठी तोंड वर करून बघायला लागला. आपण सांगितलेलं बरोब्बर केलंय, असा भाव चेहऱ्यावर.

"अरे गाढवा, थांब म्हणत होतो ना मी!" हवालदार म्हणाले. खरं तर बोलून काही उपयोग नव्हता, कारण भेसळ ठार बहिरा होता. पण भेसळ त्यांच्या वर केलेल्या हाताकडे बघतच नव्हता. तो बघत होता खाली, उजव्या हाताकडे. तिथं मांडीजवळ काठीच्या मुठीवर बोटं आपली आपण थरथरत होती. गेल्या काही महिन्यांपासून ती अशीच थरथरायची. कुत्रं चुकलंच नव्हतं.

आता ही काय भानगड, ते सांगायला जरा मागं जायला हवं. हवालदार चौकात उभे असायचे तेव्हा गाड्यांसाठी सरकारी खुणा होत्याच. पण कडेला एखादी म्हातारी पिशवी घेऊन घाबरून उभी राहिली, किंवा शाळेची चिल्लीपिल्ली, तर त्यांच्यासाठी हवालदारांनी स्वतःची एक खूण काढली होती. डाव्या हातानं गाड्या अडवायच्या आणि उजव्या हाताची बोटं खाली मांडीजवळ हलवायची. या, या, घाबरू नका, मी आहे. साहेबांनी एकदा विचारलं होतं, "ही कुठल्या पुस्तकातली खूण?" हवालदार म्हणाले होते, "पुस्तकात म्हाताऱ्या कुठं आहेत, साहेब?"

भेसळ त्यांना त्याच चौकात मिळाला. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. भर दुपारी एक पिल्लू रस्त्याच्या मधोमध बसलं होतं, चहूबाजूंनी हॉर्न वाजत होते आणि हे महाराज निवांत पाय चाटत होते. हवालदारांना वाटलं, काय छाती आहे पठ्ठ्याची! टोपीत घालून घरी आणलं.

"हे काय ध्यान आणलंत?" बायकोनं विचारलं. प्रश्न रास्त होता. कान लांब नि लोंबते, पाय आखूड, अंगावर केस दाट आणि शेपूट मात्र उंदरासारखं. "अहो, एका कुत्र्यात चार कुत्री कोंबलीत. निव्वळ भेसळ आहे ही!" तेच नाव पडलं.

पुढचे तीन महिने हवालदार त्याला शिकवत होते, म्हणजे ओरडत होते. बस! ऊठ! इकडे ये! भेसळ ढिम्म. हवालदार कौतुकानं सांगायचे, "हट्टी आहे. खानदानी असणार." शेवटी एके दिवशी बायकोच्या हातून पातेलं निसटलं आणि झोपलेल्या भेसळच्या मागेच धाडकन पडलं. शेजारीण धावत आली, पण भेसळचा कानसुद्धा हलला नाही.

"अहो, हा हट्टी नाही," बायको म्हणाली. "याला ऐकूच येत नाही. आणि तुम्ही तीन महिने घसा फोडताय!"

त्या दिवशी हवालदारांना फार वाईट वाटलं. चौकात मधोमध बसलेल्या त्या पिल्लाला छातीबिती नव्हती, त्याला मरण कुठून येतंय हेच कळत नव्हतं. मग त्यांनी शिट्टी खुंटीला टांगली आणि हातांनी शिकवायला लागले. आधी पाय दोनदा जमिनीवर आपटायचा, की थरथर कळून भेसळ मान वळवायचा. तळवा पुढे म्हणजे थांब. तळवा जमिनीकडे दाबला की बस. हात आडवा फिरवला की चल, पुढे हो. आणि मांडीजवळ बोटं हलली की ये. ही शेवटची खूण त्याला एका दिवसात आली. बाकीच्या खुणांना दोन महिने आणि बिस्किटांचे कितीतरी पुडे लागले.

काय दिवस होते ते! सकाळी अंगणात परेड. परेड झाली की हवालदार त्याचे लांब कान उलटे करून मऊ फडक्यानं पुसायचे, केसांतल्या गोचिड्या चिमट्यानं वेचायचे. "माझे केस कधी विंचरलेत का असे?" बायको दारातून विचारायची. "तू कुठं खुणेवर बसतेस?" हवालदार म्हणायचे. मुलगी सुट्टीला आली की हसून हसून बेजार व्हायची.

दुधाच्या टेम्पोनंतर त्यांनी सगळं करून बघितलं. उजवा हात खिशात घातला, तर खुणा करताना काठी धरायला हात उरेना आणि काठीशिवाय तोल जाई. पट्टा बांधला, तर भेसळनं मांजर बघून असा हिसका दिला की हवालदार आडवे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थरथर वाढत जाईल, काका. पुढेमागे डाव्या हातालाही येईल." बायकोचे गुडघे तर कधीच संपावर गेले होते.

एका दुपारी त्यांनी मुलीला फोन लावला. "तू येऊन घेऊन जा त्याला."

"बाबा, अहो, तुम्हाला करमेल का?"

"नाही करमणार. पण पस्तीस वर्षांत माझ्या हातावर विश्वास ठेवून कुणी गाडीखाली आलेलं नाही. हाही यायचा नाही."

मुलगी आली, चार दिवस राहिली. हवालदार खुर्चीत बसून तिला शिकवत होते. "कोपर वाकडं. पुन्हा. अगं, तळवा दाखवतेस की भीक मागतेस? आधी पाय आपट!" तिसऱ्या दिवशी भेसळ तिच्या खुणेवर पहिल्यांदा बसला, तेव्हा हवालदार "शाबास" म्हणाले आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

निघायच्या दिवशी मुलीनं गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर भेसळची जुनी चादर अंथरली होती. तिनं पाय आपटला, हात आडवा फिरवला. भेसळ गाडीत चढला, त्यानं मागं वळून बघितलं, आणि टुणकन उडी मारून परत हवालदारांच्या पायाशी. तिनं पुन्हा बसवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर दार लावता लावता निसटून आला.

"बाबा, तुम्ही त्याला बोलावताय कशाला?" मुलगी काकुळतीला आली.

"मी कुठं बोलावतोय?" हवालदार म्हणाले.

बायकोनं नुसतं त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. मांडीजवळ बोटं हलत होती. ये, ये, घाबरू नको, मी आहे.

हवालदारांनी काठी बायकोच्या हातात दिली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात घट्ट पकडलं. पाय थोडे फाकवले, छाती पुढे काढली. चौकात साहेबांची गाडी जायची तेव्हा ते असेच उभे राहायचे. तोल जाईल म्हणून बायकोनं त्यांचा दंड धरला.

भेसळनं हात शोधले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. हात कुठंच नव्हते. मुलीनं पाय आपटला तशी त्यानं मान वळवली. तिचा हात फिरला आणि तो गाडीत चढून चादरीवर बसला. या वेळी दार लागलं.

गाडी सुरू झाली. मागच्या काचेला ते लांब कानांचं ध्यान नाक लावून बघत होतं. हवालदार तसेच ताठ उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली.

"अहो, गेला तो," बायको म्हणाली. "आता सोडा हात."

"थांब जरा," हवालदार म्हणाले. "त्या वळणावरून त्याला थोडं दिसतं अजून."