तरंगणारं अंडं

येडशी स्टेशनामागच्या चिंचेखाली गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. बार्शीकडून येणारी सकाळची गाडी रिकामी झाली की सगळी गर्दी अंडेबाबांच्या मांडवाकडे धावायची. बाबांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची हिंमतही कुणाला नव्हती.

बाबांचा चमत्कार असा. छातीच्या रोग्यानं अंडं आपल्या घरूनच आणायचं, म्हणजे लबाडीचा संशय नको. चेला बिराप्पा ते सगळ्यांदेखत पाण्याच्या घंगाळात सोडायचा. अंडं तळाला. मग "उघडं अंडं देवाला चालत न्हाय" म्हणत तो ते पडद्यामागं न्यायचा आणि शेंदूर फासून आणायचा. बाबा ते रोग्याच्या छातीवरून सात वेळा फिरवायचे, पुन्हा पाण्यात सोडायचे, आणि आता ते बुचासारखं वर यायचं!

"चरबी पाण्यावर तरंगती का न्हाय?" बाबा गरजायचे. "तरंगती ना? मग! रक्तातली चरबी अंड्यात उतरली! सोलापूरचा डाक्टर कागदावर आकडे काढतो, आपण रोगच काढतो!"

मग अंडं फुटायचं. आतून काळा, घाण मारणारा चिखल. बायका नाकाला पदर लावायच्या आणि त्याच पदरानं डोळे पुसायच्या.

अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात त्या बायकांत सायराबीही होती. समोर चटईवर उघड्या छातीनं तिचा नवरा बाबामियाँ पडला होता. बाबामियाँ पिंजारी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजून उभा जन्म गेलेला. पण वर्षभरापासून चार हात मारले की छातीत कळ यायची. सोलापूरच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं होतं, "कोलेस्टेरॉल वाढलंय. तूप, चरबी, कलेजी बंद. अंड्याचं पांढरं खा, पिवळं आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. गोळ्या चुकवू नका."

सायराबीनं ते इमानानं पाळलं. घरच्याच कोंबड्या होत्या. सकाळी अंडं फोडून ती पिवळं निराळं काढायची आणि पांढरं तेवढं कांद्यात परतून नवऱ्याला द्यायची. तो तोंड वाकडं करून खायचा, पण तीन महिन्यांत न थांबता स्टेशनापर्यंत चालू लागला. कापूस पिंजायची पिंजण मात्र भिंतीवरच टांगलेली होती, आणि तीच त्याला खात होती. "सायरा, बसून खाणारा मरद जिता कशाला म्हणायचा?" म्हणत तो बाबांच्या चटईवर जाऊन पडला.

अंडं तरंगलं. घरी एखादं अंडं पाण्यात असं वर आलं असतं, तर सायराबीनं ते नासकं म्हणून उकिरड्यावर फेकलं असतं. इथं तिनं हात जोडले.

"आता मनमुराद खा," बाबांनी फर्मावलं. "पथ्य पाळलं तर रोगाला वाटतं, ह्याचा बाबावर भरवसा न्हाय. गोळ्या मोरीत टाका. हे टरफल सात आठवडे उशाला ठेवा."

बाबामियाँ रोज सकाळी तुपात तळलेली तीन-तीन अंडी खाऊ लागला. सायराबी हौसेनं तळत होती. पाचव्या आठवड्यात त्यानं पिंजण उतरवली, दहा हात मारले आणि कापसावरच पालथा पडला.

इद्दतीत, नवऱ्यामागं घरात बसण्याच्या त्या दिवसांत, तिला टरफल बांधलेली उशाखालची चिंधी सापडली. टरफलावरचा शेंदूर अंगठ्यानं निघाला. खाली काळा बारीक ठिपका होता, बिब्ब्याचा.

तो ठिपका तिचाच होता. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवताना शेजारची अंडी मिसळू नयेत म्हणून ती खूण करायची. कोळसा पुसतो, म्हणून बिब्बा लावायची. गेल्या खेपेला तीन अंडी फुटली नव्हती. "मावशी, नासकी अंडी असली तर द्या, बाबांच्या धुनीला लागत्यात," असं म्हणत बिराप्पा गल्लीभर फिरला होता. पुण्य लागेल म्हणून तिनं तिन्ही दिली होती. बाबांकडे नेलेल्या ताज्या अंड्याला मात्र खूण नव्हतीच.

तिनं टरफल पुन्हा चिंधीत बांधलं. मग पलीकडून शेजारच्या धुरपदाबाईचा आवाज आला, "सायराबी, उंद्या आमच्या मालकाला न्हेते बाबाकडं. आमची कोंबडी खुडूक हाय, तुझं येक अंडं दे की." धुरपदाबाईच्या नवऱ्याला, दगडोबालाही छातीचंच दुखणं होतं, आणि त्याच डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या.

सायराबीनं ताजं अंडं दिलं. देण्याआधी त्याच्या बुडाला बिब्बा टेकवला.

सकाळी ती निघाली तेव्हा दीर खाजामियाँ दारात आडवे आले. "भाभी, इद्दत हाय."

"येक गेला, भाईजान. दुसरा जाऊ द्यायचा का?"

खाजामियाँ तिच्यासोबत चालू लागले.

मांडवात दगडोबाचं अंडं बुडालं, पडद्यामागं गेलं, लाल होऊन आलं. बाबांनी हात पुढं केला, तोच सायराबीनं ते उचललं आणि पदरानं पुसलं. बुडाला ठिपका नव्हता.

"धुरपदा, तुझ्या अंड्याला म्या बिब्बा लावला हुता. ते कुठं गेलं?"

"बाईची सावली पडली! अनर्थ होणार!" बाबा ओरडले. तोवर खाजामियाँनी पडदा ओढून काढला होता. मागं दोन पाट्या होत्या. एकीत लोकांनी आणलेली ताजी अंडी, ठिपक्याचं सगळ्यात वर. दुसरीत शेंदूर फासलेली नासकी.

सायराबीनं नासक्यातली चार घंगाळात टाकली. कुणाच्या छातीवरून न फिरवता चारही तरंगली.

"जल्मभर कोंबड्या पाळल्या," ती म्हणाली. "तरंगतं ते नासकं, हे मला ठावं हुतं. हिथं आले आन् इसरले. माझ्या माणसाला ह्या येकट्यानं न्हाय मारलं. ती अंडी तुपात म्या तळली, ह्या हातानं."

दगडोबा चटईवरून उठला आणि सदरा घालू लागला. लोक पांगले. तरी चार-दोन जण जाताना बाबांच्या पाया पडलेच. बाबा दुपारच्या गाडीनं गेले, आणि ते आता कुठल्या तरी दुसऱ्या स्टेशनावर बसले असतील.

म्हणून सांगणं एवढंच. डॉक्टरला दहा प्रश्न विचारा, तो उत्तर देईल. बाबालाही विचारा, आमचं अंडं पडद्यामागं कशाला नेता? घरच्या बादलीत जे रोज पारखता, ते बाबांच्या घंगाळातही पारखा. सायराबीला पारखता येत होतं, पण तिनं वेळेवर पारखलं नाही.