कडूबाईच्या विहिरीचा रकाना

आमच्या गावात दिवाळीआधी पाण्याचा ताळेबंद मांडतात. खुर्शीदभाई दोराला लोखंडी वजन बांधून विहिरींतलं पाणी मोजत हिंडतात. मग शिवारागणिक सरासरी निघते. ती ठरलेल्या खुणेच्या वर गेली तर त्या शिवारात कांदा, नाहीतर ज्वारी-हरभरा. ग्रामसभेत ठरलेलं सगळे पाळतात. मालकानं तोंडी सांगितलेलं पाणी कुणी धरत नाही, विहिरीत दोर सुटला पाहिजे.

यंदा हे आकडे कॉम्प्युटरवर घेतले. तक्ता प्रज्ञानं बनवला. ती आमच्या गावातल्या सोपानची मुलगी, नगरला सावेडीत राहून नोकरी करते, रविवारी गावी येते. आकडे भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि माझं अक्षर चांगलं आहे. कॉम्प्युटरला अक्षराचं काय, हे सरपंचांना विचारायचा मला धीर झाला नाही.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी माळाच्या शिवारापुढे उत्तर आलं : कांदा नाही. मी चकित झालो. माळावरच्या विहिरी यंदा बऱ्या आहेत. शोधलं तर कडूबाईच्या विहिरीपुढे शून्य होतं. ते मी घातलं नव्हतं. खुर्शीदभाईंच्या कागदावर तिथं काही नव्हतं, म्हणून मी रकाना तसाच सोडून पुढे गेलो होतो. तरीही माझंच काही चुकलं असणार असं वाटून मी त्यांच्याकडे गेलो.

"तिची सासू गेली न्हवं का," खुर्शीदभाई म्हणाले. "सुतकात मोजमाप करत न्हाईत. ना धान्य, ना पाणी. मयताच्या घरी दोर कसा सोडू, नाना?"

परत येताना कडूबाईचं कांद्याचं रोप दिसलं. वीतभर, हिरवंगार. लावणीला आलेलं. आज कांदा नाकारला गेला तर ते उपटून शेळ्यांपुढे टाकायचं.

मी प्रज्ञाच्या घरी गेलो. चहा संपेपर्यंत विषय काढता आला नाही. शेवटी म्हणालो, "माझं चुकत असेल, पण न मोजलेली विहीर कोरडी कशी झाली?"

तिनं लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. "काका, हे माझं काम. कुणी आळसानं रकाना मोकळा सोडू नये म्हणून मीच सांगून ठेवलंय की रिकामा दिसला की शून्य भर."

"वाचनालयात जुन्या पुस्तकावर साल नसलं, तर कार्डावर 'साल नाही' लिहायचो. शून्य लिहिलं असतं तर पुस्तक रामायणाच्याही आधी गेलं असतं."

ती हसली. मग तिनं तक्त्याचे दोन तक्ते केले. एकात गावातल्या सगळ्या विहिरी. दुसऱ्यात फक्त झालेली मोजमापं. मोजलंच नाही, तर दुसऱ्या तक्त्यात ओळच नाही. खोटा आकडा भरायची गरज नाही. सरासरी पुन्हा काढली, तर माळ खुणेच्या वर गेला. मला आनंद झाला, पण तिला नाही.

"काका, हेही खरं नाही. मोजली असती तर सरासरी खालीही आली असती. आपल्याला माहीत नाही, एवढंच खरं."

तिनं माळापुढे 'निर्णय बाकी' असं लिहिलं. "सभेत तुम्ही सांगा."

"मी?"

"कागद तुमच्याच हातात असणार."

सभेत कडूबाई सुतकामुळे बाहेर ओट्याखाली उभी होती. माळाची पाळी आली. मी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य माझ्या कागदालाच सांगितलं.

"नाना, मोठ्यानं बोला, कागदाला ऐकू येतंय, आमाला न्हाई!" सरपंच हनुमंतराव म्हणाले. सगळे हसले.

"कडूबाईची विहीर मोजलेली नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "ती कोरडी धरणं चूक. भरलेली धरणं पण चूक. सूतक फिटेपर्यंत माळाचं थांबवावं."

"अन् तवर रोप थांबतंय व्हय?" कुणीतरी विचारलं.

"थांबंल की!" बाहेरून कडूबाई ओरडली. "म्या त्याच्यापरीस लई थांबलेय. सासूच्या हाताखाली जलम काढला!"

हनुमंतरावांनाही हसू आवरेना. माळाचं थांबलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. पाणी कमी निघालं तर माळावरचे लोक म्हणतील, नानानं उगाच आशा लावली. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं का, हेही मनात आलं.

सूतक फिटलं त्या सकाळी खुर्शीदभाईंनी दोर सोडला. मी काठापासून दूरच उभा होतो. वजन तळाला टेकलं, दोर वर आला. खुर्शीदभाई ओल्या भागावरून हात फिरवत गेले आणि थांबले. विहीर काही तुडुंब नव्हती. मी मोबाईलवर आकडा घातला. माळाची सरासरी थोडी उतरली, पण खुणेच्या वरच राहिली.

"कांदा," मी म्हणालो.

"काय?" कडूबाईनं कानामागे हात धरला.

"कांदा लाव!"

"आता कसं बोललात," ती म्हणाली आणि वाफ्याकडे निघाली.