करकचून बांधलेली पट्टी

वस्तादांनी स्टिअरिंगचा सेन्सर बदलला, तरी शाळेची बस डावीकडे वळली की डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा पेटायचाच. ड्रायव्हर वैतागून तिसऱ्यांदा गॅरेजात आला.

"वायर ठणठणीत आहे, मी स्वतः मीटर लावलाय," वस्ताद गुरगुरले.

"बाबा, तुम्ही चाकं सरळ ठेवून बघितलंत," लेक म्हणाली. तिनं सेन्सरच्या वायरला मीटर लावला आणि ड्रायव्हरला स्टिअरिंग पार डावीकडे फिरवायला लावलं. आकडा एकदम शून्यावर आला. प्लास्टिकच्या पट्टीनं वायर इतकी करकचून बांधली होती, की वळताना ताण बसून ती आतून तुटली होती; चाकं सरळ असली की तुटलेली टोकं टेकायची, डावीकडे वळली की सुटायची. पट्टीचं टोक सफाईनं तिरकं कापलेलं. वस्तादांनी आपला हात लगेच ओळखला.

लेकीनंही ओळखला. तिनं पट्टी तोडून गुपचूप खिशात टाकली, वायर जोडली, जरा सैल बांधली. दिवा विझला.

"कुणाचा हा गाढवपणा?" ड्रायव्हरनं विचारलं.

लेक नट आवळत बसली.

"माझा!" वस्ताद अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असं गरजले. "तीस वर्षांत माझी चूक काढणारा कुणी भेटला नव्हता. भेटणार कुठून? ती माझ्याच घरात वाढत होती!"