मासा काढून टाकलेली गोष्ट

“आता हे कोणी मानणार नाही,” तुलारामानं घसा खाकरला आणि नातीच्या हातातल्या मोबाइलकडं असं पाहिलं, की जणू त्याच्या आत अख्खं सानगडी गाव मांडी घालून बसलं आहे. “पण आपल्या तलावात एक मरळ होती. डोंग्याएवढी. इतकी जुनी, का तिच्या पाठीवर शेवाळ जमलं होतं, आन त्या शेवाळात कमळ उगवलं होतं. ती पाण्याखालून चालली का लोकायले वाटे, कमळ फिरायले निघालं.”

नंदिनी हसली नाही. ती मोबाइलवर आवाज नीट भरतो आहे का, तेवढं पाहत होती.

“गोंदिया तवा भंडारा जिल्ह्यातच होतं. तुझा बाप एवढुसा. तुझी आजी घाटावर बायायसंग गोठी करत बसली, आन हा पठ्ठ्या गेला पाण्यात. म्या काय केलं? सदरा नाही काढला, बिडी नाही इझवली, मारली उडी. खाली ती मरळ. धरला कमळाचा देठ आन बसलो तिच्या पाठीवर. तिनं मले बरोबर पोरापाशी नेलं. पोराले काखेत मारून वर आलो, तवा बिडी पेटलेलीच होती.”

“झालं?” नंदिनीनं विचारलं.

“झालं म्हणजे काय? मरळीनं मले रामराम घातला, ते राहिलं.”

ही गोष्ट तुलारामानं कुठं सांगितली नव्हती? मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, बाजारात जाळं विणता विणता. समोर कोण बसलं आहे ते पाहून तो ती फिरवत असे. लहान पोरं असली की कमळ बोलत असे. तलाठी असला की मरळ आधी सात-बारा मागत असे. जावयांच्या मंडळीत तर एकदा ती त्याला पाठीवर घेऊन भंडाऱ्यापर्यंत सोडून आली होती. लोक पोट धरून हसत. पोर बुडत होतं आणि कोणीतरी त्याला काढलं, हे मात्र त्या हसण्यात कोणाच्या लक्षातही राहत नसे. तुलारामाला तेच हवं होतं.

नंदिनी साकोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. सरांनी काम दिलं होतं, घरच्या मशीनवर एक साधा सर्व्हर उभा करा, त्यात गावाची माहिती ठेवा आणि जवळच्या मोबाइलवर उघडून दाखवा. तिनं कोणाचा तरी जुना लॅपटॉप मिळवला आणि माजघरात धान साठवायच्या ढोलीवर ठेवला, कारण घरातली तेवढीच एक जागा शेळीच्या तोंडाच्या वर होती. मग एका फोल्डरात तलावाचे फोटो, माशांची नावं, जाळ्यांचे प्रकार आणि म्हाताऱ्यांचे आवाज असं सगळं भरलं.

“आन हे चालते कसं?” तुलारामानं विचारलं.

“काही नाही, आबाजी. या काळ्या पडद्यावर मी एक ओळ लिहिली. म्हणजे मशीनले सांगितलं, हे फोल्डर सांभाळ आन कोणी काही मागितलं तर दे. आता आपल्या वायफायवरचा कोणताबी मोबाइल हा आकड्यांचा पत्ता टाकल, त्याले फाइल भेटल. बाहेरच्या इंटरनेटचा संबंध नाही. घरातल्या घरात.”

“रांधून देते का कच्चं?”

“कच्चं. म्हणून तर याले स्टॅटिक म्हणतात. कापत नाही, साफ करत नाही, मसाला लावत नाही. जो मासा टोपलीत ठेवला, तोच उचलून देते.”

“कोण मागून राहिला, ते पाहते का?”

“कायले पाहील? तुम्ही मागा, तलाठी मागो, आजी मागो. सगळ्यायले तेच.”

तुलारामाला हे काही बरं वाटलं नाही. ऐकणाऱ्याचं तोंड न पाहता सांगणारा त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

“आन मागितलेलं टोपलीत नसलं तर?”

“तर सांगते, सापडलं नाही. खोटं नाही बोलत.”

ही गोष्ट त्याला घशात काटा अडकावा तशी लागली. पण काटा खरा रुतला दोन दिवसांनी. नंदिनीनं त्याच्या हातात मोबाइल दिला आणि म्हणाली, “पाहा, तुमचं पान झालं.” वर त्याचा फोटो होता, खांद्यावर जाळं. खाली तिनं लिहिलं होतं. त्याला चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून तिनंच वाचलं.

“‘तुलाराम यांचा मुलगा लिलाधर लहानपणी, आईचं लक्ष नसताना, तलावात पडला. तुलाराम यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून त्याचे प्राण वाचवले.’”

“आन मरळ?”

“मरळ काढली.”

“कमळ?”

“आबाजी, सर म्हणाले, खरं असल तेवढंच ठेवा. तुमचा आवाजबी मी कापला. मरळीचं आन बिडीचं तेवढं काढून टाकलं.”

तुलाराम मोबाइलकडं पाहत राहिला. पोरीनं मासा साफ करावा तशी गोष्ट साफ केली होती. खवले काढले, पंख काढले, शेपूट काढली आणि जे उरलं ते ताटात वाढलं. आणि उरलं होतं तेच नेमकं सडकं होतं.

कारण त्या दिवशी लिलाधर घाटावर नव्हताच. तुलारामानंच त्याला डोंग्यात बसवून नेलं होतं, बायको यशोदाबाई नको नको म्हणत असताना. घाटापासून थोड्याच अंतरावर जाळं जड लागलं, तसा तो ओढायला वाकला, डोंगा कलला आणि पोर पलीकडून गेलं. तुलारामाला पोहता येत होतं. सगळ्या तलावात त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. पण जाळं दुसऱ्याचं होतं, नवं होतं आणि भरलेलं होतं. त्यानं ते सोडलं नाही. सोडतो, आता सोडतो, असं म्हणत तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. तेवढ्यात घाटावरून यशोदाबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली आणि पोराचे केस धरून त्याला काठाला लावलं. तो जाळं घेऊन काठावर आला, तेव्हा ती पोराला पालथं घालून पाणी काढत होती. ती काहीच बोलली नाही. म्हणून पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा तो गमतीनं बोलून गेला, मरळीनं आणून दिलं.

मरळीच्या जागी आपण कधी गेलो आणि यशोदा घाटावर गोठी करत कधी बसली, ते त्यालाही आठवत नव्हतं. सांगता सांगता झालं होतं.

“नंदे,” तो म्हणाला, “मासा परत टाक ना व.”

“काहून?”

“मासा खरा होता.”

“आबाजी.”

“बरं, लहान कर. डोंग्याएवढी नको, टोपलीएवढी ठेव. कमळाची नुसती कळी ठेव.”

ती हसत उठून गेली.

मग तुलारामाचं जेवण सुटलं. यशोदाबाईनं झिंग्याची भाजी केली तरी तो भाताचे गोळे करत बसे. पोराला ओढून काढल्यापासून तिचा उजवा खांदा थंडीत दुखे, म्हणून ती डाव्या हातानं ताट वाढे. इतकी वर्षं पाहिलेली गोष्ट, पण आता त्याला ते पाहवेना. वाईट म्हणजे लिलाधरच्या सगळ्या गोष्टी त्याला आठवू लागल्या. लिलाधर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवरच्या एका कारखान्यात कामाला होता, दर रविवारी येई. बापाशी आवाज चढवून कधी बोलला नाही. बापासाठी खाट, बापासाठी चष्मा. आणि आईला मात्र, भाजीत मीठ जास्त झालं की, दूध उतू गेलं की, हसत हसत म्हणे, “तुझं लक्ष कुठं असते व आई? तुझ्या भरवशावर असतो तर मी त्या तलावातच राहिलो असतो.” यशोदाबाई पदरानं हात पुसत आत जाई. तुलाराम बिडी पेटवत असे.

एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून त्यानं बोर्डातून वायर उपटली. लॅपटॉपचा दिवा काही गेला नाही. त्यानं त्याच्यावर धान झाकायचं पोतं टाकलं. तरी आतून घरघर येत होती. शेवटी झाकण मिटवलं, तेव्हा कुठं गप्प झालं. संध्याकाळी नंदिनी आली, झाकण उघडलं, ती एक ओळ पुन्हा टाकली आणि मोबाइलवर त्याचा फोटो जसाच्या तसा उभा राहिला.

“बंद झालं होतं ना?” त्यानं विचारलं.

“देणारा बंद झाला होता. फाइल कुठं जाते?”

त्यानं आपला जुना दोस्त चिंधू याला गाठलं. चिंधू पोस्टातून निवृत्त झालेला, विहारापाशी राहणारा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या न उघडता पोचवल्या, म्हणून त्याला सगळं माहीत असूनही तो काही विचारत नसे.

“चिंध्या, एक गोष्ट एकदा सांगितली का परत घेता येते का बे?”

“तुले काहून फिकीर? तू तर रोज नवी सांगतं.”

“ही त्या पोरीनं धरून ठेवली.”

“मंग खरी सांगायची होती,” चिंधू म्हणाला आणि पान जुळवत बसला. तुलारामानं पुढं बोलायला तोंड उघडलं, पण तोंडातून निघालं ते असं, की त्या मरळीला एक बहीण होती, ती कोंढा गावात दिली होती. चिंधू म्हणाला, “बुढ्या, तुले आज बरं नाही वाटत.”

यशोदाबाईपाशीही तो चुलीजवळ जाऊन बसला. “त्या पोरीच्या मशीनमध्ये,” तो म्हणाला, “माझी ती गोठ आहे. तलावाची.”

“असन,” ती म्हणाली. “तुमची मरळ दरसाल वाढून राहिली. आता त्या मशीनमध्ये मावली का?”

ती हसत होती. तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. तुलारामानं लाकूड पुढं सरकवलं, ते आधीच जळत होतं, आणि उठून गेला.

रविवारी कॉलेजचे सर काम पाहायला आले. नंदिनीनं आंगणात सतरंजी टाकली. शेजारचे आले, चिंधू आला, सोसायटीचे चार जण आले. लिलाधरनं सगळ्यांना चहा दिला आणि आपला मोबाइल काढून पुढं बसला. तुलारामाला मधोमध खुर्ची होती. त्याला ती सोडून गोठ्याकडं जायचं होतं, पण लिलाधरनं खांद्यावर हात ठेवून बसवलं. “बाबा, तुमच्यासाठीच तर आहे.”

नंदिनीनं वायफायचं नाव सांगितलं, मग पत्ता. एकेकाच्या मोबाइलवर तलाव उघडला.

“दिसते ना गा, तलाव दिसते,” सोसायटीचा एक जण म्हणाला. “माझ्यात बांधाचा फोटो आला. पण रेंज तर नाहीच माझ्यात.”

“रेंज नाही लागत काका. फोल्डर त्या ढोलीवरच आहे.”

सरांनी विचारलं, एकाच वेळी सगळ्यांनी मागितलं तर? नंदिनी म्हणाली, मागून पाहा. सगळ्यांनी एकदम ‘आवाज’ दाबला. आंगणात दहा मोबाइलांतून तुलाराम बोलू लागला, एक पुढं, एक मागं. ‘मारली उडी’ इकडून, ‘मारली उडी’ तिकडून. मरळ कोणाच्याच मोबाइलात नव्हती. आपलाच आवाज असा दहा तोंडांनी आपल्याला घेरतो, हे तुलारामानं कधी ऐकलं नव्हतं. कोणी तरी हसावं म्हणून तो वाट पाहत होता. कोणी हसत नव्हतं. सगळे मान हलवत होते.

“आजोबा, हे मोठं काम केलं तुम्ही,” सर म्हणाले.

“नाही, ते...” तुलाराम म्हणाला. “त्यात एक मासा होता.”

“बाबा मोठेपणा नाही घेत,” लिलाधर सरांना म्हणाला. तो उठला आणि सगळ्यांसमोर बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. तुलारामाला पाय मागं घ्यायचे होते. खुर्चीखाली जागा नव्हती.

यशोदाबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होती. एवढा वेळ तिला दहा आवाजांतलं काही उमगलं नव्हतं. “नंदे,” ती म्हणाली, “काय लिहून आहे त्यात? हा पाया कायले पडून राहिला?”

“थांब आजी, वाचते.” आणि नंदिनीनं मोठ्यानं, शाळेतल्यासारखं स्पष्ट वाचलं. आईचं लक्ष नसताना. अंगावरच्या कपड्यांनिशी. प्राण वाचवले.

यशोदाबाईनं सूप खाली ठेवलं.

“आन मरळ?”

“ते खोटं होतं ना आजी, म्हणून काढलं.”

तुलारामानं बायकोकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, पोराकडं पाहिलं. लिलाधर अजून जमिनीवरच होता.

“मरळ होती तवर मी काही बोलली नाही,” यशोदाबाई म्हणाली, आवाज न चढवता, सगळ्या आंगणाला ऐकू जाईल असा. “मरळ ऐकली का लोकायले समजे, बुढा फेकून राहिला. आता मरळच काढली, तर बाकीचं खरं वाटून राहिलं. हे खोटं आहे, नंदे. घाटावरून मी गेली पाण्यात. लिल्या, तुले म्या काढलं. हे डोंग्यात जाळं धरून उभे होते.”