पट्टीवरच्या दोन रेघा

"हिवतापाच्या गोळ्या तूच माहेरी धाडल्यास!" भुईमुगाच्या सरीत कुदळ रोवून आगुती सुनेवर कडाडली. "पोरीच्या पोटात गेल्या असत्या, तर पट्टीवर फिरून दोन रेघा उमटल्या असत्या व्हय?"

आमोदिंग वाकून तण उपटत राहिली. तेसो मुलखात त्या साली असं ऊन पडलं होतं, की ढेकळानं तळहात पोळावा. नवरा सोरोटी शहरात मजुरीवर. बोलायचं कुणाजवळ?

लेकीला, आकिरोरला, तिनं स्वतःच्या हातानं गोळ्या चारल्या होत्या. हिवताप उतरला, पोर खेळू लागली. पण दात येताना ती किरकिरली, की आगुती तिला भाच्याच्या औषधदुकानात नेई. तो भाचा, ओकिरोर, बोटात सुई टोची, रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकी, हिवतापाच्या दोन रेघा उमटत, पुन्हा गोळ्या. आता तिसरी खेप.

"उद्या तुझ्या बापाला बलावते. तू चालती हो. पोर आमची, ती हितंच ऱ्हाईल."

पाण्याचं निमित्त करून आमोदिंगनं पोर पाठीशी बांधली नि सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या बाईनं भिंगाखाली रक्त पाहिलं.

"एकबी जंतू न्हाई, बये. मेलेल्या जंतूंची खूण रक्तात कैक आठवडे ऱ्हाती, पट्टी तीच दावती. नाचणीच्या दारूची हंडी रिती झाली तरी वास मारतीच की! ताप नसताना गोळ्या चारू नगंस."

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली बाप मान घालून बसला होता. ओकिरोर पट्ट्या घेऊन हजर. आमोदिंगनं दवाखान्यातल्या बाईचं हंडीचं बोलणं सगळ्यांना सांगितलं.

"मला हंडीचं शिकवतीस?" आगुती म्हणाली. "रेघ खोटं बोलत न्हाई."

"आई, मागल्या अवसेला तुमास्नी हिवताप आल्ता. गोळ्या तुमीच गिळल्या न्हवं?"

"गिळल्या की, एकूणएक!"

"मग द्या बोट."

आगुतीनं ठसक्यात बोट पुढं केलं. थोड्या वेळानं ओकिरोरनं पट्टी उजेडात धरली. दोन रेघा.

बाप खाकरला. "विहीणबाई, तुमच्या गोळ्या कुणाच्या माहेरी गेल्या?"

कुंपणापलीकडच्या बायका फिदीफिदी हसल्या. आगुतीनं कपाळाला हात लावला.

"तरीच म्हणते, सकाळधरनं कंबर का धरलीया! ओकिरोर, काढ गोळ्या."

नि ती चटईवर आडवी झाली.

चोरीचा शब्द पुन्हा तिच्या तोंडून निघाला नाही. बाप एकटाच परत गेला. आमोदिंगनं आकिरोरला पाठीशी बांधलं, आणि आपल्या सरीबरोबर सासूचीही सरी खणायला घेतली.