पहिला नकार

शेजारचे जपानी ओकाबे जाऊन आठ महिने झाले. अजून सकाळी त्यांच्या बंद दारात ते मला दिसतात: हसतायत आणि माशी हाकलावी तसा नाकासमोर हात हलवतायत. मी रिटायर्ड इंजिनियर, भुतंबितं मानत नाही. तरी दिसतात.

त्या सकाळी मी आणि माझा नवरा मनोहर फिरायला निघालो, तर ओकाबे सपाता घालून दारात उभे. कपाळावर घाम, चेहरा पांढरा. एकटेच राहायचे. मी म्हटलं, "गाडी काढते, हॉस्पिटलला जाऊ." त्यांनी हसून तसाच हात हलवला. नको, नको.

मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात मनोहरने दंड धरला. "शैलजा, नो म्हणाले ना ते? इथे पुण्यासारखा आग्रह करायचा नसतो."

मला राग आला, कारण त्याचं खरं होतं. अमेरिकेतल्या पहिल्याच पार्टीत मी रीतीप्रमाणे 'नको' म्हटलं, यजमान बाईंनी मुकाट्याने डिश उचलली आणि मी उपाशी घरी आले. तेव्हापासून शहाणी झाले. एकदा विचारायचं आणि सोडून द्यायचं. चाळीस वर्षांत फारच सुधारले मी!

ते त्याच दिवशी गेले. आठवड्याने त्यांची मुलगी चिएको सिएटलहून आली. मी सांगून टाकलं, "मी विचारलं होतं गं, तेच नको म्हणाले." ती मान डोलावत राहिली. मला वाटलं, पटलं तिला. सुटले. पण ती फक्त ऐकत होती.

मग हळूच म्हणाली, "बाबा पहिल्यांदा कधीच हो म्हणायचे नाहीत. लगेच हो म्हणणं त्यांना आगाऊपणा वाटायचा. समोरच्याने पुन्हा विचारलं, की यायचे."

हे मला कुणी शिकवायला हवं होतं? माझी आई जन्मभर हेच करत आली.

"कुठे सापडले ते?" मी विचारलं.

"दाराच्या आत, स्टुलावर. बाहेरचे बूट घातले होते, लेस बांधलेल्या. इन्शुरन्स कार्ड हातात होतं."

ते तयार होऊन माझी वाट बघत बसले होते. आणि मी त्या सकाळी गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. तीनदा त्या दारासमोरून गेले, एकदाही बेल वाजवली नाही.